घरच्यांचा हरताळ

ठाकूरद्वारच्या एका चाळीत नानांकडे मालन धुणंभांडी करायची. हात मोरीत असले तरी तिचे कान बाहेर असत. नाना निवृत्त शिक्षक. नात शैला तावडीत सापडली की तिला एखादा शब्द सोलून दाखवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

त्या दिवशी पाळी आली ‘मोलकरीण’ या शब्दाची.

“शेत करतो तो शेतकरी. तसा मोल घेऊन काम करतो तो मोलकरी, आणि बाई असली की मोलकरीण. मोल म्हणजे कामाचा दाम. फुकट राबते ती मोलकरीण नव्हे, बरं का!”

“हळू बोला हो,” नानांच्या पत्नी राधाबाई कुजबुजल्या. “तिला वाईट वाटेल. मालन काय मोलकरीण आहे? ती घरचीच.”

मालनला कसलं वाईट वाटतंय! तिच्या डोक्यात उद्याचा दिवस होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी उद्या मुंबईभर हरताळ, आणि तिच्या चाळीतल्या झाडून साऱ्या बायका चौपाटीच्या सभेला निघालेल्या. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

“काकू, उद्या मी येत नाही. सभेला जाते.”

“अगं, हरताळ गिरण्यांना, दुकानांना! घरच्या माणसाला कसला हरताळ? आणि आज रात्री पाहुणे जेवायला आहेत. उद्या भांड्यांचा डोंगर पडेल.”

दुसऱ्या दिवशी मालन आली. पण अंगावर ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी. मोरीकडे न वळता ती सरळ नानांशेजारी बाकावर टेकली.

“मालन, अगं भांडी?”

“घरची माणसं करतायत तेच करते की, काकू. नाना कालचा पेपर वाचतायत, शैला सागरगोटे खेळतेय. मी आपली बसते. चहा टाकताय ना? साखर जरा जास्त घाला.”

शैला फिस्सकन हसली. नानांनी पेपर तोंडापुढे धरला, पण पेपरच गदगदत होता.

“आणि मोलकरीण म्हणत असाल, तर तिला आज हरताळ! मग मी चालले सभेला.”

राधाबाईंनी मोरीकडे पाहिलं, मग नानांकडे. घरात आज सगळ्यांनाच सुट्टी होती, त्यांना एकट्यांना सोडून. त्यांनी खोचलेला पदर सोडला.

“मला तरी कुणी मोल दिलंय आजवर? थांब गं मालन, मीही येते.”

नाना ताडकन उठले. “अगं, भांडी कोण घासणार?”

तोवर दोघी जिन्यात पोचल्या होत्या. शैलाने राखेचं डबडं आणि नारळाची शेंडी आणून नानांच्या हातात ठेवली.

“नाना, मोल न घेता भांडी घासणाऱ्या पुरुषाला काय म्हणतात?”

उत्तर खालून, जिन्यातून आलं.

“घरचाच!” मालन ओरडली.