थरथरत्या हातातला झेला

मी झेला बोलतोय. ज्या दुकानात मी टांगलेला होतो, तिथे माझ्या गळ्यातल्या लेबलवर 'लँडिंग नेट' असं लिहिलेलं होतं. गळाला लागलेला मासा काठाशी आला की त्याच्या खाली धरायची लांब दांड्याची जाळी, एवढाच त्याचा अर्थ. पण मला विकत घेणाऱ्या माणसाने मला उचललं, वरखाली पाहिलं आणि तो म्हणाला, "हा तर आमच्या दापोलीचा आंबे उतरवायचा झेला." तेव्हापासून मी झेला. आंबा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे का, याची मला खात्री नाही. माझ्यात धाग्यापेक्षा भोकंच जास्त. तरी सांगतो, कारण जे मला ठाऊक आहे ते माझ्या दांड्यातून कळलेलं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला कळायचा मार्ग नाही.

मला विकत घेतलं डॉक्टर प्रतापरावांनी. ह्यूस्टनच्या एका इस्पितळात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या पोटांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र सुमंतराव होते. तेही डॉक्टरच, पण पीएच.डी.वाले. तेलवाहिन्या का थरथरतात आणि ती थरथर कशी मारायची, यावर त्यांनी आयुष्य घालवलं. दोघेही ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतात. त्या दिवशी सुमंतराव एका गळाच्या काठीबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय फोनवर वाचत पाऊण तास उभे होते. प्रतापरावांनी काहीही न वाचता मला गाडीत टाकलं. "पाइपांचे डॉक्टर, चला आता," ते म्हणाले, "मासे रिटायर होतील."

दर गुरुवारी आम्ही जायचो. हायवेने रोझेनबर्गच्या पुढे गेलं की डाव्या हाताला कच्चा रस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला मिस लोरेटाचं तळं आहे. खिडकीत पैसे भरायचे आणि दिवसभर बसायचं. तळ्यात कार्प सोडलेले आहेत. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचे भाऊबंद. नियमांची पाटी मोठी आहे, पण मुख्य नियम एकच: पकडलेला प्रत्येक मासा परत सोडायचा. सुमंतराव शाकाहारी, त्यामुळे त्यांना हा नियम फार आवडला. प्रतापराव म्हणायचे, दापोलीत कुणाला सांगू नकोस की मी मासा पकडून त्याला टाटा करतो.

गळाला लावायचा गोळा सुमंतराव करायचे. कणीक, थोडं बेसन, चिमूटभर हिंग आणि गूळ. पाणी मोजून. गोळा सैल झाला तर पूर्ण रस्ताभर त्यांना त्याची काळजी असायची. गाडीला कुलूप लावलं का, हे ते तळ्यावर तीनदा विचारायचे. प्रतापराव दर वेळी वेगळं उत्तर द्यायचे.

आमच्यात एक रिवाज होता. तो कुणी ठरवला नव्हता. ज्याच्या गळाला मासा लागेल त्याने मला हात लावायचा नाही. दुसऱ्याने आपली काठी खाली ठेवायची, मला उचलायचं आणि काठावर यायचं. मोठा कार्प ओढ घेत असतो, काठी वाकलेली असते, आणि शेवटच्या हातभर पाण्यात तो मासा खरं तर तुमचा नसतो. तो झेला धरणाऱ्या मित्राचा असतो. नऊ वर्षं मी असा या हातातून त्या हातात गेलो. प्रतापरावांचा हात मला जास्त आवडायचा. सुमंतराव मला घट्ट आवळायचे. प्रतापराव धरायचे तेव्हा मला आपण धरलेलो आहोत हेच जाणवायचं नाही.

म्हणूनच मला सगळ्यांच्या आधी कळलं.

गेल्या वसंतात त्यांच्या उजव्या हातातून माझ्या दांड्यात एक बारीक कंप आला. थांबलेल्या गाडीचं इंजिन चालू असावं तसा. पुढच्या महिन्यात थर्मासमधला चहा कपातून सांडायला लागला. त्यांनी कप गवतावर ठेवला आणि हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. सुमंतराव हवेबद्दल बोलले. दोघेही हुशार माणसं. न दिसल्यासारखं करायला दोघांनाही छान जमलं.

मग मासे सुटायला लागले. मी पाण्यावर हातभर उंच थरथरत असायचो आणि मासा जवळ आला की प्रतापराव मला त्याच्यावर मारायचे. माझी कड दोरीला लागायची, गळ निसटायचा. असं दोनदा झालं. "माझंच चुकलं, मी घाई केली," सुमंतराव म्हणाले.

तिसऱ्या वेळी सुमंतरावांच्या गळाला तळ्यातला सर्वांत मोठा कार्प लागला. वीस मिनिटं तो समोर आला नाही. शेवटी पिवळट पोट दिसलं तेव्हा प्रतापराव मला घेऊन काठावर उभे होते. सुमंतरावांनी एकदा माशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग एका हाताने काठी सांभाळत दुसरा हात पुढे केला.

"राहू दे, मी घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी मला प्रतापरावांच्या हातातून काढून घेतलं.

मासा मिळाला. मी त्याला नीट झेललं आणि त्याबद्दल मला आजही बरं वाटत नाही. प्रतापरावांनी फोटो काढला. छान आहे, म्हणाले. फोटो हललेला आला. परत येताना त्यांनी कुलपावरून एकही टोमणा मारला नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांची मुलगी चारुता चार तासांवरच्या प्लेनोहून येणार होती. मग कुठली तरी तपासणी. असे सहा गुरुवार मी सुमंतरावांच्या गॅरेजमधल्या खिळ्यावर काढले. सुमंतराव गाडी काढताना माझ्याकडे बघायचे आणि नजर फिरवायचे. मी त्यांना दोष देत नाही. माणूस चुकतो तेव्हा त्या चुकीतल्या वस्तूकडेही त्याला बघवत नाही.

सातव्या गुरुवारी ते मला घेऊन एकटेच तळ्यावर गेले. मिस लोरेटाने खिडकीतून विचारलं, "दुसरा डॉक्टर कुठे आहे?" सुमंतरावांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. "सात आठवडे गुडघा?" ती म्हणाली. तिने पैसे घेतले नाहीत. "एकटा माणूस मासा पकडत नाही, तो नुसता बसतो. बसायला फुकट."

ते खरोखरच नुसते बसले. गळ टाकलाच नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मला उचललं, हवेत धरलं आणि मुद्दाम मनगट थरथरवलं, अगदी प्रतापरावांसारखं. माझी कड बेफाम नाचली. मग तसंच थरथरवत त्यांनी मला पाण्यात बुडवलं.

मी शांत झालो. वर दांडा थरथरत होता आणि खाली मी जवळपास स्थिर होतो. माझ्या शेकडो भोकांमधून पाणी जात होतं आणि प्रत्येक भोक थोडी थोडी थरथर खाऊन टाकत होतं. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मला कुणी विचारलं नव्हतं.

सुमंतरावांनी तीनदा, चारदा करून पाहिलं. मग ते काठावर बसले. "तीस वर्षं," ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "तीस वर्षं मी हेच केलं. आणि माझ्या मित्राच्या हाताच्या वेळी मला हे सुचलं नाही, मला फक्त हिसकावून घेणं सुचलं."

तिथून आम्ही घरी गेलोच नाही. वाटेत त्यांनी एका दुकानातून दुधी भोपळा घेतला, चांगला लांबलचक. पार्किंगमध्ये गाडीत बसून कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

प्रतापरावांच्या घराचं दार चारुताने उघडलं; ती पुन्हा प्लेनोहून आली होती. "काका, बाबा आता नाही म्हणतात फिशिंगला," ती हळूच म्हणाली. "बाकी सगळ्याला मात्र हो म्हणतात हल्ली. प्लेनोला मूव्ह व्हायलासुद्धा एका मिनिटात हो म्हणाले. मला बरं वाटायला पाहिजे ना? पण मला भीतीच वाटली." चारचौघांत चहा पिणंही त्यांनी बंद केलं होतं.

प्रतापराव सोफ्यावर होते, दोन्ही हात मांड्यांखाली. सुमंतरावांनी कागद काढला आणि पाण्याच्या घनतेपासून सुरुवात केली.

"माफी मागायला आलायस की लेक्चर द्यायला?" प्रतापरावांनी विचारलं.

"माफी मागायची आहे. लेक्चर येतं मला."

प्रतापराव हसले नाहीत. मग ते म्हणाले, "इस्पितळातल्या शेवटच्या वर्षी मला वाटलं, हात पूर्वीचा राहिला नाही. कुणाला दिसत नव्हतं अजून. पण उद्या कुणीतरी माझ्या हातातून सुरी काढून घेईल, त्याआधी मीच ठेवली खाली. एवढं एक नीट केलं मी. आणि तळ्यावर, एका फालतू माशासाठी, तू काढून घेतलंस."

"हो," सुमंतराव म्हणाले. "काढून घेतलं." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "आता परत द्यायला आलोय. टब भरू का?"

बाथरूमच्या टबमध्ये पाणी भरलं गेलं. सुमंतरावांनी दुधीच्या देठाला दोरी बांधली. चारुता दारात उभी राहून तोंड दाबून हसत होती. प्रतापराव म्हणाले, "अरे, हा मासा तर आधीच शाकाहारी झालाय." पण त्यांनी हात मांडीखालून काढले आणि मला धरलं. दांड्यातून तो कंप आला. मी पाण्यात गेलो आणि त्यांना माझ्यातून उलट निरोप पाठवला: हे बघा, खाली काही हलत नाहीये. त्यांचे डोळे बारीक झाले. पेशंटचं पोट उघडल्यावर होत असतील तसे.

"म्हणजे मी माशाकडे जायचंच नाही," ते म्हणाले. "मी आधीच बुडवून बसायचं. मासा आणायचं काम तुझ्याकडे."

"हो. आजवर आपण उलट करत होतो."

दुधी त्यांनी अकरा वेळा झेलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दांड्याला क्रेप बँडेज गुंडाळलं, जाडसर, मुठीत भरेल असं. पट्टीचं टोक आत दुमडताना फार वेळ लागला. चारुता मदतीला पुढे झाली. ते म्हणाले, नको, होतंय.

आठव्या गुरुवारी आम्ही तिघे, ते दोघे आणि मी, तळ्यावर होतो. प्रतापराव पाण्याच्या अगदी कडेला बुटक्या स्टुलावर बसले, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, दोन्ही हातांनी मला धरून. मासा लागला आणि तो अजून लांब असतानाच त्यांनी मला बुडवलं. मी वाट पाहत होतो.

पहिला मासा सुटला. माझ्यापासून वीतभर अंतरावर. मला वाटलं, संपलं. प्रतापरावांनी मला वर काढलं नाही.

"सुमंत," ते म्हणाले, "आत्ता मी हलत नव्हतो. तू हलत होतास."

खरंच होतं ते. काळजीने सुमंतरावांचे हात लटपटत होते. "सॉरी यार," ते म्हणाले. "मला भीती वाटली, तू परत..."

"भीती वाटू दे. काठी स्थिर धर. पेशंट टेबलावर असताना माझ्या असिस्टंटला मी हेच सांगायचो."

दुपारी दोनच्या सुमाराला, शर्ट पाठीला चिकटलेले असताना, दुसरा लागला. मोठा नव्हता, मध्यमच. सुमंतरावांनी त्याला घाई न करता आणला. आधी दोरी माझ्यावरून गेली, मग डोकं, मग अंग. प्रतापरावांनी दांडा दोन बोटं वर केला, बस्स. मासा माझ्यात होता.

त्याला पाण्यातच ठेवून दोघे बघत राहिले. मग माझी कड खाली झुकली आणि तो गेला. "गाडीला कुलूप लावलंस का?" प्रतापरावांनी विचारलं. खिडकीतून मिस लोरेटा ओरडली की आजपासून पुन्हा दोघांचे पैसे लागतील.

प्लेनोचं काय, असं चारुताने त्याच आठवड्यात विचारलं. "येईन," प्रतापराव म्हणाले. "झेला मी स्वतः खाली ठेवीन, त्या दिवशी सांगतो." पाच महिने झाले. अजून ठेवलेला नाही. थरथर वाढली आहे, हे मी लपवणार नाही. बँडेज दोनदा बदललं. माझी कड एका बाजूला वाकली आहे, दोन गाठी सुटल्या आहेत. आमच्यातला आधी कोण थकेल, मला माहीत नाही.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्याही घरी असा एखादा हात असेल. कपाशी, किल्लीशी, सुईदोऱ्याशी झगडणारा. त्याच्यातून वस्तू काढून घेणं फार सोपं आहे, आणि तुमचा हेतूही चांगलाच असेल. पण त्याआधी एकदा मासा थोडा जवळ आणून बघा.

आता मला बोलणं आवरायला हवं. आज गुरुवार आहे. स्टूल काठावर मांडलंय, सुमंतरावांची काठी वाकली आहे, दांड्यातून ओळखीचा कंप येतोय. मी पाण्यात बुडून बसलोय. आणा.