आता शांत झालंय

"बाळ आता शांत झालंय हो बाई," आजी फोनवर म्हणाली आणि नर्सबाईंच्या जिवात जीव आला.

वरच्या वस्तीतलं ते बाळ कालपासून तापाने फणफणलं होतं. रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. सकाळीच गाडी पाठवते, असा बाईंनी शब्द दिला होता. पण दवाखान्याला गाडी एकच, आणि दारात गिरणीमालकाचा मुलगा उभा. त्याच्या आईला चक्कर आली होती आणि शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडेच न्यायचं होतं.

"यांच्या दारात दोन गाड्या आहेत," ड्रायव्हर पुटपुटला.

"त्यात आडवं पडता येत नाही. बाई, देताय की तुमच्या साहेबांना फोन लावू?" मुलाने दरडावलं.

बाईंची लेकही तान्हीच. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही. ती शांत झाली की बाई श्वास रोखून पाळण्यापासून मागे सरायच्या. आजीचा तो शब्दच त्यांना इतका गोड लागला, की नेहमीचा प्रश्न ओठांपर्यंत येऊन विरून गेला.

"मग झोपू द्या आजी. गाडी दुपारी येईल."

"येऊ दे सावकाश. ज्याला जास्त आहे, त्याला आधी न्या."

धुरळा उडवत गाडी गेली. बाई लस टोचायला बसल्या. पहिल्याच आईला सवयीने विचारलं, "अंगावर नीट पितोय ना?" आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

त्यांनी फोन लावला. "आजी, बाळ दूध पितंय का?"

"कुठलं पितंय! तोंडच उघडत नाही. पण त्रास म्हणून नाही हो काही."

"उचला त्याला! चालत निघा, आत्ताच्या आत्ता!"

गाडी तोवर शहराच्या वेशीवर पोचली होती.

बाळाला घेऊन आई आणि आजी चालत आल्या, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाईंनी जे जे येत होतं ते सगळं केलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

आजीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "आमचंच चुकलं, बाई. ओरडून सांगायला हवं होतं." तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

तेवढ्यात गाडी परतली. "म्हातारी ठणठणीत आहे! वाटभर मलाच झापत होती, खड्डे दिसत नाहीत का म्हणून..." ड्रायव्हरचं लक्ष बाकावर आईच्या मांडीतल्या बाळाकडे गेलं.

"आता मोकळी आहे का गाडी?" आजीने चाचरत विचारलं.

गाडी फक्त पेशंटसाठी होती. गेलेल्या माणसाला तिच्यात जागा नव्हती. ड्रायव्हर बाईंकडे बघत राहिला. बाईंनी जाऊन मागचं दार उघडलं.

"पेशंट आहे," त्या म्हणाल्या. "हळू ने."

आई आत चढली. बाळाचं टोपडं तिने कानांवर नीट ओढलं आणि आल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

"हॉर्न नका वाजवू हं, दादा."