चाकामागचे दगड

तिने माउस हलकेच फिरवला आणि सतरावा दगड पुसला. दगडाच्या जागी शेजारची माती पसरवली, चाकाची सावली जराशी लांबवली, आणि फोटोतली मोटार कशाच्याही आधाराशिवाय उतारावर उभी राहिली.

मोटारीपुढे एक कुटुंब उभं होतं. उन्हाने डोळे बारीक केलेली बाई, बॉनेटवर बसवलेलं मूल, आणि टपावर असा हात ठेवलेला पुरुष, जणू मोटार नाही, मोठा मुलगाच होता तो. आधीच्या सोळा फोटोंतही हेच. माणसं वेगळी, अंगणं वेगळी, टपावरचा हात तोच. आणि मागच्या चाकाला टेकून, कुणाचं लक्ष नसल्यासारखं, काहीतरी पडलेलं. कुठे काळा दगड, कुठे अर्धी वीट, कुठे सिमेंटचा तुकडा. एका फोटोत तर शिवणयंत्राचा मोडका पाय होता.

मोटारीचं नाव ‘पाखरू’. एके काळची सगळ्यांत स्वस्त गाडी. कंपनीला पन्नास वर्षं झाली होती आणि त्यानिमित्त जुन्या मालकांच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक निघायचं होतं. फोटो साफ करायचं काम या स्टुडिओकडे आलं होतं. ओरखडे काढायचे, पिवळेपणा घालवायचा, आणि दगड पुसायचे.

स्टुडिओचे मालक मागे येऊन उभे राहिले.

"किती राहिले?"

"बारा. साहेब, सगळ्यांच्याच फोटोत कसा हो दगड?"

"स्वस्तातल्या गाडीवाले. घाबरट असतात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू नको विचार करू, तू पूस. कंपनीच्या माणसाला दगड दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो."

त्यांच्या या बोलण्यावर ती हसली नाही. पण पुसायचं थांबलीही नाही.

अठरावा फोटो कृष्णधवल होता. एक सडपातळ बाई, हातात छत्री, मागे शाळेची पाटी. चाकामागचा दगड पांढऱ्या रंगाने रंगवलेला, आणि त्यावर काळ्या अक्षरांत गाडीचा नंबर. फोटोत रंग भरायचा होता म्हणून तिने मागे लिहिलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडे निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"निळा नाही, राखाडी. कंपनी त्याला निळा म्हणायची, ते सोडा. दगड नीट दिसतोय ना?"

"दिसतोय. त्यावर नंबर आहे गाडीचा."

"मीच घातला. शाळेचा शिपाई दगड कुठेही भिरकावून द्यायचा. त्याला सांगितलं होतं, बाबा रे, एक वेळ गाडी हरवली तरी चालेल, दगड हरवता कामा नये."

तिला हसू फुटलं.

"हसू नका. पाच पत्रं लिहिलीत मी कंपनीला. हँडब्रेक धरत नाही, उतारावर गाडी मागे येते. त्यांची चार उत्तरं अजून ठेवलीत माझ्याकडे. ऐकायचंय काय लिहिलं होतं? ‘हँडब्रेक पूर्ण ओढण्याची सवय ठेवावी.’ पाच पत्रांना एकच ओळ! पाचव्या उत्तराला मी लाल शाईने दहापैकी शून्य दिलं आणि परत धाडलं."

"मग?"

"मग काय, कंपनीचं कॅलेंडर आलं."

तिचा हात माउसवरून खाली आला.

"बाई, म्हणजे... ब्रेक पूर्ण ओढला तरी धरायचा नाही?"

"पोरी, धरला असता तर मी दगडाला नंबर कशाला दिला असता? आणि हे बघा, पुस्तकात माझा फोटो येणार असेल तर दगडासकट. नाहीतर फोटो परत पाठवा. गाडी मी कधीच भंगारात दिली, पण दगड अजून माझ्या दारात आहे."

तिने फोन ठेवला. ‘सवय ठेवावी.’ ही ओळ तिने कागदावर कधी वाचली नव्हती, पण ती याच ओळीत वाढली होती.

ती पाच महिन्यांची असताना घरात पाखरू होतं. चढावरच्या गल्लीत घर. आई तेव्हा नुकतीच गाडी शिकली होती. एका दुपारी तिने गाडी फाटकापाशी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि कुलूप उघडायला उतरली. बाबा मागून डिकीतल्या पिशव्या काढत होते. गाडी मागे आली. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये बाबांचा उजवा पाय सापडला. कंपनीचा माणूस येऊन ब्रेक पाहून गेला आणि सांगून गेला, ब्रेक चांगला आहे, बाईंनी पूर्ण ओढला नव्हता. त्या दिवसापासून बाबांच्या हातात काठी आली आणि आईच्या हातातून स्टिअरिंग गेलं, ते कायमचं. त्याआधी म्हणे आई बाळाला मांडीवर घेऊन गायची,

पाखरू माझ्या दारी, निळ्या निळ्या रंगाचं,
चौघांना पुरं घर, चार चाकी अंगाचं.

हे दादा सांगायचा. तिने स्वतः आईला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

बाबा आईवर कधी चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं. त्यांनी त्याची गंमत केली. दूध उतू गेलं, हँडब्रेक. छत्री विसरली, हँडब्रेक. पाहुण्यांपुढे, सोयऱ्यांपुढे, आईच्या माहेरच्यांपुढेसुद्धा. "दार लावलंस ना? की हँडब्रेक?" सगळे खो खो हसायचे, आईही हसायची, आणि हसत हसत उठून दार बघून यायची. कुलूप तीनदा ओढायची. झोपायच्या आधी गॅसच्या बटणावर हात ठेवून थांबायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. दादा चेष्टा करायला शिकला. तीही शिकली. गेल्याच आठवड्यात आई चष्मा शोधत होती, तेव्हा ती म्हणाली होती, "आई, हँडब्रेक!"

एकोणतीस वर्षं. आणि ब्रेक धरतच नव्हता.

तिला वाटलं, उठावं आणि तडक घरी जावं. आईचे दोन्ही हात धरून सांगावं, तू ओढला होतास. पिशवी उचलताना टेबलाच्या कडेला ठेवलेली फ्रेम तिच्या हाताला लागली.

सकाळी बाबांनीच ती भिंतीवरून काढून दिली होती. काच शर्टाच्या बाहीने पुसत म्हणाले होते, "आमचंही पाखरू छापा म्हणावं. सगळे नावं ठेवत होते, तुझा मामा तर म्हणाला, भाऊजी, डबा घेतलात. पण मी घेतली. माझी निवड होती ती." हा फोटो ती जन्मापासून बघत आली होती. बॉनेटवर दादा, आईच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेली ती, टपावर बाबांचा हात. दोन्ही पाय धड असलेले बाबा.

निघण्याआधी एवढा एक स्कॅन करावा म्हणून तिने फ्रेम पालथी घातली, गंजलेले खिळे सुरीने उचकटले, पुठ्ठा काढला. फोटो फ्रेमच्या चौकटीपेक्षा मोठा निघाला. इतकी वर्षं पांढऱ्या कागदी कडेखाली झाकलेली खालची दोन बोटांची पट्टी उजेडात आली. तिथला रंग अजून ताजा होता.

त्या पट्टीत मागचं चाक होतं. चाकामागे लाकडाचा ठोकळा. दगड नव्हे, वीट नव्हे. एका बाजूने तिरका कापलेला, रंधा मारलेला, चाकाखाली नेमका बसेल असा. ओढून काढता यावा म्हणून त्याला भोक पाडून पिवळ्या दोरीचा फास बांधलेला. घरात रंधा फक्त बाबा चालवायचे. तो ठोकळाही तिच्या ओळखीचा होता. मागच्या दाराला अडसर म्हणून तो स्वयंपाकघरात रोज तिच्या पायात यायचा. दोरी आता काळी झाली होती, इतकंच.

फोटोच्या पाठीवर बाबांच्या वळणदार अक्षरात तारीख होती. एप्रिलची. अपघात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला होता.

बाबांना माहीत होतं. त्यांनी मापं घेऊन, करवत चालवून, पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करून ते माहीत करून घेतलं होतं. फक्त बायकोला गाडी देताना ते सांगायचं राहिलं, आणि कंपनीचा माणूस बोलत होता तेव्हाही राहिलं, आणि नंतरच्या प्रत्येक हसण्याच्या वेळी राहिलं.

मग तिने एक काम केलं. पुसलेल्या प्रत्येक फोटोची मूळ प्रत उघडली, उरलेले बाराही समोर घेतले. ओरखडे काढले, पिवळेपणा घालवला, आणि दगडाला हात लावला नाही. काळा दगड परत आला, अर्धी वीट आली, शिवणयंत्राचा पाय आला. संध्याकाळपर्यंत सगळी पाखरं आपापल्या दगडांना टेकून बसली. फाइल साहेबांना पाठवून ती त्यांच्या टेबलाशी गेली.

"दगडांसकट पाठवलेत."

"वेड लागलंय का तुला? मी दुसऱ्याकडून पुसून घेईन."

"घ्या. माझ्या हातून नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू, साहेब."

घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात कप विसळत होती. मागचं दार उघडं होतं, ठोकळ्याला टेकलेलं. बाहेरच्या खोलीत बाबा वर्तमानपत्र वाचत होते.

वाटेत तिने किती वाक्यं जुळवली होती. ती सगळी सोडून तिने फ्रेमशिवायचा फोटो ओट्यावर ठेवला.

"हात पूस आणि बघ."

आईने पदराला हात पुसले. फोटो उचलला. आधी चेहऱ्यांवरून नजर फिरली, मग खाली गेली, आणि खालीच राहिली. नळ ठिबकत होता. आईने मान वळवून दाराकडे पाहिलं. दाराच्या पायाशी पाहिलं. परत फोटोकडे.

"कधीचा?"

"मागे लिहिलंय."

आईने फोटो उलटला. ओठ हलले. अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत पुढे गेला. मे, जून, जुलै, ऑगस्ट. चौथ्या पेरावर तो थांबला.

"आई, त्या गाड्यांचा ब्रेकच धरत नव्हता. कुणाचाच नाही. आज एका बाईंनी..."

"मी ओढला होता," आई म्हणाली. सांगितल्यासारखं नाही. कुणीतरी फार दिवसांनी विचारलं आणि तिने उत्तर दिलं, तसं. "हात दुखेपर्यंत ओढला होता. मग मलाच वाटायला लागलं, नसेल ओढला."

बाहेरून वर्तमानपत्राची घडी मोडल्याचा आवाज आला.

"अगं, चहा झाला ना? गॅस बंद केलास का?" आणि मग नेहमीची ती हसरी खोच, "की हँडब्रेक?"

आईचा उजवा हात सवयीने गॅसकडे निघाला. बटणापर्यंत पोचला नाही. मध्येच थांबला आणि मागे आला.

आई वाकली. दोरीचा काळा फास बोटात धरून तिने ठोकळा ओढून काढला. मागचं दार आपोआप सरकत गेलं आणि लागलं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात ठोकळा घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. कप टेबलावर ठेवला. शेजारी, तिरकी बाजू बाबांकडे करून, ठोकळा ठेवला. फोटो त्याला टेकवून उभा केला.

मग समोरच्या खुर्चीवर बसली. या वेळी ती कधी बसायची नाही.

"तुम्हीच बघून या," आई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुलगी दारात उभी होती, तिच्याकडे पाहिलं. तिने नजर बाजूला केली नाही. हसण्याची उरलेली रेघ त्यांच्या चेहऱ्यावर कुठे ठेवावी ते न कळल्यासारखी जरा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी काठी घेतली आणि उठले. स्वयंपाकघरापर्यंत सातच पावलं होती.

आईने त्यांचा चहा आपल्याकडे ओढला आणि सावकाश पिऊ लागली.

एक बटण बघायला बाबांना फार वेळ लागला.