उंदीर पडले त्या हंगामात

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, उंदराचा. पोपटाचा पिंजरा लोक अंगणात टांगतात आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. मला कोपऱ्यात ढकलतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. उंदीर मी आयुष्यभर जवळून पाहिले, आणि एका हंगामात जालन्यातली मोठी माणसेही तितक्याच जवळून पाहिली. किळस कोणाची जास्त आली, ते तुमचे तुम्हीच ठरवा.

रामकिसन लोहाराने जुन्या खोक्याच्या फळ्या आणि लोखंडी तारा जोडून मला घडवले. तेव्हा निजामाचे राज्य होते. जालन्यात एकदा प्लेग येऊन गेला होता, म्हणून सरकारी कचेरीने माझ्यासारखे शंभर पिंजरे करवून गोदामांत वाटले. मी काकासाहेबांच्या जिनिंगमध्ये आलो. शेतातला कापूस तिथे यंत्रावर जाई. रुई एकीकडे पडे आणि सरकी दुसरीकडे. सरकीच्या गोदामात उंदरांना काय तोटा?

गोदाम झाडणारी बाई होती गोजरबाई. चाळिशीची, काटक, कमी बोलणारी. तिचा नवरा याच जिनिंगमध्ये हमाल होता आणि मागच्या प्लेगात गेला होता. मूलबाळ नव्हते. मला लावण्याचे काम तिच्याकडे होते. ती माझ्या आकड्याला भाकरीचा तुकडा अडकवी, दाराला तेल देई. सापडलेला उंदीर कचेरीत नेला की आरोग्याकडचे कारकून भालचंद्रराव वहीत नोंद करीत आणि तिच्या हातावर एक पैसा ठेवीत. ती दोन वर्षे माझी चांगली गेली. काकासाहेबसुद्धा एकदा म्हणाले होते की, हा पिंजरा आमच्या दोन माणसांचे काम करतो. मला तेव्हा फार अभिमान वाटला. मी नवा होतो, आणि शब्द कोण बोलतो हे पाहायला शिकलो नव्हतो.

मग तो हंगाम आला. जाफराबादेकडून कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि त्याच आठवड्यात बातमी आली की औरंगाबादेकडे उंदीर पडत आहेत. उंदीर पडणे म्हणजे काय, ते तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. उघड्यावर उंदीर मरून पडू लागले की मागोमाग माणसांच्या काखेत गाठी येत.

पण मित्रांनो, बाजार प्लेगाला भ्याला नाही. बाजार भ्याला तो बाजार बंद होण्याला. प्लेगाचे नावही कोणी घेत नसे, नुसते 'ते' म्हणत. ते आले तर जिनिंग बंद होईल, गाड्या परत जातील, हंगाम बुडेल. ज्वारी दर बाजाराला महाग होऊ लागली. दुकानदार उधार देईनात. ज्यांच्या घरी उद्याच्या पिठाची पंचाईत होती, त्या बाया गप्प होत्या. ज्यांच्या बळदात तीन वर्षांचे धान्य होते, तेच पेढीवर बसून सर्वांत मोठ्याने कण्हत होते.

एके दिवशी ते कण्हणारे सगळे जिनिंगच्या कचेरीत जमले. मी दाराआड होतो. भालचंद्ररावांनाही बोलावून घेतले होते.

"जिनिंग दोन महिने बंद राह्यलं तर गाव बसंल," काकासाहेब म्हणाले. "मी गावासाठी बोलून राह्यलो. माझं काय, माझं कसंबी भागंल."

त्या बैठकीत खरे वाक्य तेवढे एकच निघाले, ते शेवटचे.

भालचंद्रराव चाचरत म्हणाले, "पण नियम असा आहे काकासाहेब, की मेलेला उंदीर कचेरीत आला तर वर कळवावं लागतं."

"आला तर ना? मंग येऊ देऊ नका."

सगळे हसले. भालचंद्ररावही हसले. त्यांच्यासमोर चहा ठेवला होता, तो त्यांनी बशीत ओतून संपवला. नोकरी सांभाळणाऱ्या माणसाचे हसणे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आठ दिवसांनी आमच्याच गोदामात उंदीर पडले. दिवसाढवळ्या ते झिंगल्यासारखे बाहेर येत, चार पावले चालत आणि आडवे होत. माझ्यातल्या भाकरीकडे एकानेही पाहिले नाही. गोजरबाईने जाऊन मुकादम रामरावांना सांगितले.

"सरकी ज्यादा खाल्ली असंल," रामराव म्हणाले.

"सरकी ते रोजच खातेत."

"हे बघ, चिमट्यानं उचल आन् बॉयलरमंदी टाक. कुठं बोललीस तर उद्यापासून कामावर येऊ नको."

गोजरबाईने दोन दिवस तसेच केले. मी तिला साध्वी म्हणून तुमच्यापुढे उभी करीत नाही. कामाची गरज तिलाही होती. ती उंदीर चिमट्याने उचली, विस्तवात टाकी आणि हात राखेने घासून पुन्हा झाडायला लागे. पण त्या दोन दिवसांत तिने घरून आणलेल्या भाकरीचे फडके सोडले नाही, हे मी पाहिले.

तिसऱ्या दिवशी तिला काकासाहेबांच्या घरी सामान लावायला बोलावले. परत आली तेव्हा ती तुळजाबाईशी बोलली. तुळजाबाई यंत्रावर कापूस घालायची. तिच्या दोन पोरीही तिथेच कामाला होत्या.

"काकासाहेबाच्या घरचे समदे शहागडच्या शेतावर चाललेत," गोजरबाई म्हणाली. "मालकीण पुष्पाबाई म्हनल्या, हुरडा खायला चाललोत. चार गाड्या भरल्या मी. गाद्या, हंडे, कंदील. जातं बी चढवलं गाडीत. हुरडा खायला कोणी जातं घेऊन जातं का?"

तुळजाबाईला कळायचे ते कळले. तिने इकडेतिकडे पाहिले आणि गोजरबाईचा हात धरला.

"तुझ्या पाया पडते, बोलू नको. मागल्या बारीला बंद झाल्तं तव्हा मी हंडे इकले. आता घरात इकायला काय राह्यलंय?"

"आन् पोरींला गाठ आली तर?"

"तुला पोरं न्हाईत. तुला सोपं हाये बोलायला."

गोजरबाईने हात सोडवून घेतला आणि झाडू उचलला. तुळजाबाईचा मला राग आला नाही. तिची भीती खरी होती, पोटातली होती. मला राग आला तो त्या चार गाड्यांचा. गावाला 'काही नाही' म्हणून सांगायचे आणि आपले जाते गाडीत चढवायचे. उंदीर बिचारा बिळात जाताना भाषण तरी करीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी गोजरबाईने गोदामात नऊ मेलेले उंदीर वेचले. एकेक चिमट्याने धरून माझ्यात टाकला, पिसवा मराव्यात म्हणून वरून घासलेट ओतले, दार लावले आणि मला एका काठीच्या टोकाला अडकवून ती निघाली. रामराव फाटकाशी आडवे आले. तिने काठी पुढे केली, तसे ते चार हात मागे सरले.

भर बाजारातून ती चालली. मिरच्यावाले, भांडीवाले, कापसाचे गाडीवान, सगळे बघू लागले. गर्दी आपोआप दुभंगत होती. एक कापडवाला तिच्याशेजारून चालत गयावया करू लागला. "बाई, झाकून तरी ने. गिऱ्हाईक पळून राह्यलंय."

"पळू द्या," ती म्हणाली. "पळंल तर वाचंल."

कोणी तिला शिव्या दिल्या, कोणी खडा मारला. तो माझ्या फळीला लागला. त्याची खूण अजून आहे. ती कचेरीत शिरली आणि मला थेट भालचंद्ररावांच्या टेबलावर ठेवले.

"इथं नको, इथं नको," ते उठून उभे राहिले.

"मंग कुठं ठिऊ? तुमच्या वहीत जागा हाये का?"

बाहेर दारात माणसे गोळा झाली होती. भालचंद्ररावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग वही उघडली आणि लिहिले. त्यांच्या हिशेबी एवढेच पुण्य मी जमा धरतो.

त्या दिवशी डॉक्टर आले. जिनिंगला कुलूप लागले, बाजार उठला, आणि दोन दिवसांत अर्धे गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेले. मी कचेरीतच राहिलो, माळावरचे पुढे कानावर आले ते सांगतो. गोजरबाईच्या झोपडीशेजारी कोणी झोपडी घातली नाही. ती पाणी भरायला गेली की बाया घागरी उचलून बाजूला होत. तिला 'मरीवाली' म्हणत. प्लेग जणू तिनेच काठीला लटकवून आणला होता.

आणि उपासमार खरोखर सुरू झाली. मजुरी थांबली की आठवड्यात चुली थंडावतात. तहसीलदार पाहणीला आले तेव्हा सगळे हात जोडून उभे होते. गोजरबाई पुढे गेली.

"साहेब, गाव बाहेर काढलं, बराबर केलं. आता चुलीवर काय ठिवायचं ते बी सांगा."

तहसीलदारांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चार दिवसांनी जाफराबादच्या रस्त्यावर खडी फोडायचे काम निघाले. मजुरी जिनिंगच्या निम्मी. सगळ्या बाया गेल्या. तुळजाबाईही गेली, गोजरबाईकडे पाठ करून खडी फोडू लागली.

गोदामाच्या गल्लीतली चार माणसे त्या प्लेगात गेली. रामराव त्यांतले एक. 'सरकी ज्यादा खाल्ली' म्हणणाऱ्या त्या माणसाच्या मातीला काकासाहेब शहागडहून आले नाहीत. तुळजाबाईच्या दोन्ही पोरी मात्र माळावर धडधाकट राहिल्या.

फाल्गुनात जिनिंग पुन्हा सुरू झाले. आता हंगामाचे ऐका. कापूस कुठे पळून गेला नव्हता. तो दोन महिने पडून राहिला आणि तेवढ्यात भाव चढला. काकासाहेबांना त्या वर्षी कधी नव्हता एवढा नफा झाला. गाव बसेल म्हणून जे छाती पिटत होते, त्यांच्यातला एकही बसला नाही. बसली ती रोजावर जगणारी माणसे. फाटकाशी बायांची नावे पुकारली, त्यांत गोजरबाईचे नाव नव्हते. तुळजाबाई खाली मान घालून आत गेली.

पुढचा प्रकार सांगताना मला अजून लाज वाटते. उन्हाळ्याआधी काकासाहेबांना सरकारी सनद मिळाली. प्लेगाची खबर वेळेवर देऊन शहर वाचवले म्हणून. जिनिंगच्या पटांगणात समारंभ झाला. मला कचेरीतून परत आणून घासूनपुसून टेबलावर मांडले होते, आणि माझ्या तारांवर झेंडूचा हार घातला होता. काकासाहेब माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्याच पिंजऱ्यात आमाला पहिला उंदीर घावला आन् आमी जल्दी सरकारला कळवलं."

मला आयुष्यात कधी कोणी हार घातला नव्हता. पहिला घातला तो खोट्यासाठी.

गर्दीतून गोजरबाई पुढे आली. आवाज चढवला नाही. तहसीलदारांना म्हणाली, "साहेब, ह्यात एक बी उंदीर घावला न्हाई. ते बाहेर मेल्ते. मी चिमट्यानं उचलून ह्यात घातल्ते. ह्यांनी बॉयलरमंदी टाकायला लावल्ते."

काकासाहेब हसले. "बाई नवरा गेल्यापासून जरा भ्रमिष्ट झालीय, साहेब."

सगळे हसण्याच्या तयारीत होते, तोच बायांमधून तुळजाबाई उठली.

"भ्रमिष्ट न्हाई. बराबर बोलून राह्यली."

ती एवढेच बोलली आणि उभीच राहिली. मग तिच्या दोन्ही पोरी उठल्या. मग आणखी कोणी, आणखी कोणी. तहसीलदारांनी सनदेची गुंडाळी हातात दोनदा फिरवली आणि शेवटी काकासाहेबांनाच दिली. मित्रांनो, मी तुम्हांला खोटे सांगणार नाही. सनद त्यांनाच मिळाली. पण घेताना त्यांना त्या उभ्या बायांकडे बघता आले नाही, आणि टाळ्या वाजल्या त्या फक्त खुर्च्यांवरून.

गोजरबाईने माझ्यावरचा हार काढून टेबलावर ठेवला, मला उचलले आणि चालू लागली. कोणी अडवले नाही.

त्यानंतर ती भाजी विकू लागली. मी तिच्या छपरात कोंबडीची पिल्ले सांभाळली. काही वर्षांनी जालन्यात पुन्हा उंदीर पडले. तेव्हा जिनिंगच्या बाया धावत तिच्या दाराशी आल्या, आता काय करावे म्हणून. पुढे तुळजाबाई होती.

"आदी कचेरीत सांगा," गोजरबाई म्हणाली. "आन् फाटकात बसा. बंद राह्यलं तितक्या दिवसांची निम्मी मजुरी ज्वारीत कबूल करून घ्या, मंगच उठा."

बाया तीन दिवस फाटकात बसल्या. चौथ्या दिवशी काकासाहेबांनी बळद उघडले. मनापासून नाही, गाड्या बाहेर खोळंबल्या होत्या म्हणून.

आता गोजरबाई नाही. माझ्या तारा गंजल्या आहेत, दार लागत नाही. मला तेलपाणी करा असे मी म्हणत नाही. माझे काम झाले. एकच मागतो. वाईट बातमी घेऊन कोणी आले, तर त्याला खडा मारू नका. आणि जे बंद करायचे ते जरूर बंद करा, पण कुलूप लावण्याआधी फाटकात उभ्या असलेल्या बाईला विचारा, तुझ्या घरी पीठ आहे का?