उजवीकडचा ब्रेक

जयप्रकाशरावांना कुठलीही गोष्ट मापल्याशिवाय चैन पडत नसे. तळोज्याच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी माणसं शाल आणि श्रीफळ घेऊन घरी येतात. हे त्याबरोबर जाडी मोजायचं आपलं जुनं व्हर्नियरही घेऊन आले आणि ते देवघराखालच्या खणात ठेवलं. नंदिनी म्हणायची, यांच्या हातात भाकरी द्या, आधी जाडी बघतील मग तुकडा मोडतील.

असा माणूस रविवारच्या सकाळी चहा थंड होऊ देऊन लेकीच्या सायकलीच्या हँडलची जाडी मोजत बसला होता. त्यामागे कारणही तसंच होतं. नंदिनी पडली होती.

सायकल जाईची. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, चाकं बारीक. जाई नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि सायकल करंजाडेच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून राहिली. येता जाता जयप्रकाशराव तिला धडकायचे. शेवटी जाई फोनवर म्हणाली, "आई, उगाच धूळ खातेय ती. ऋषीला देऊन टाका, तो खारघरहून येऊन घेऊन जाईल." ऋषी तिचा कॉलेजचा मित्र. त्यावर नंदिनी एवढंच म्हणाली, "ती घरातून कुठं जाणार नाही. मी चालवीन."

वाईला शाळेत जाताना तिनं सायकल चालवली होती. त्यानंतर लग्न, संसार, लेक. आता लेक लांब गेली होती आणि त्या सीटला हात लावला की नंदिनीला बरं वाटायचं. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. जयप्रकाशरावांना मात्र ते ठाऊक होतं, कारण फडकं घेऊन ती सायकल पुसायची तेव्हा सीट शेवटी पुसायची आणि तिथं हात रेंगाळायचा.

तोल तिला जमत होता. अडचण ब्रेकची होती. वाकून बसायची तिला भीती वाटे, म्हणून हात हँडलच्या वरच्या सरळ दांडीवर ठेवून ती ताठ बसायची. ब्रेक मात्र पुढे, वळलेल्या भागावर. पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगखालच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. दांडीवरून हात सुटून ब्रेकपर्यंत पोचायच्या आत बाई शहाळेवाल्याच्या गाडीवर. कोपर सोलवटलं, मनगट सुजलं. शहाळेवाल्यानं एक शहाळं फोडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

जयप्रकाशराव हे सगळं बाल्कनीतून बघत होते. हातात कपडे वाळत घालायचे चिमटे होते. त्यांनी ते इतके घट्ट धरले, की एक मोडला.

जाईनंच मग फोनवर उपाय सांगितला. "बाबा, वरच्या दांडीवर बसवायचे जादाचे ब्रेक मिळतात. छोटी लिव्हर असते. मूळच्या केबललाच मध्ये जोडायची. हात वर असले तरी ब्रेक लागतो. पण जोडीच बसवा हां, दोन्ही बाजूंना. आणि आईला सांगा, आधी मागचा दाबायचा, मग पुढचा."

हँडल मधोमध जाड आणि कडेला बारीक होतं. नेमकी मापं घेऊन जयप्रकाशराव पनवेलला गेले. दुकानदारानं दाखवलेल्या पहिल्या लिव्हरची कडी बारीक हँडलची होती, ती त्यांनी मापून बाजूला सारली. दुसरी जोडी चोख बसणारी होती. दुपारी पॅसेजमध्ये वर्तमानपत्र पसरून ते कामाला लागले. केबलचं वरचं आवरण कापलं, मध्ये लिव्हर बसवली, आतली तार ओढून घट्ट केली. काम सुरेख झालं. फक्त लिव्हर एकच बसवली होती. उजवीकडे.

"डावीकडे नाही?" नंदिनीनं विचारलं.

"सध्या एक पुरे. सवय होऊ दे."

नंदिनीनं मान डोलवली. पाठीवर हात फिरवून "छान केलंत हो" म्हणाली. आणि जयप्रकाशरावांनी डोळे वर्तमानपत्रात घातले, कारण त्यांच्या मनात वेगळंच शिजत होतं.

लग्न झाल्यापासून त्यांची एक रीत होती. रस्त्यानं चालताना नंदिनी कडेला आणि ते गाड्यांच्या अंगाला. गिरगावात, पनवेलच्या बाजारात, कुठंही. बोलता बोलता बाजू बदलली, तर ते मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे यायचे. नंदिनी हसायची, तरी ते सोडायचे नाहीत. आता तिच्या सायकलीबरोबर चालायचं म्हणजे ते उजवीकडेच चालणार. आणि ती लिव्हर बरोबर त्यांच्या डाव्या हाताखाली येत होती.

दुसऱ्या दिवसापासून ही वरात निघू लागली. नंदिनी अगदी हळू पायडल मारतेय आणि शेजारी जयप्रकाशराव हँडलवर हात ठेवून अर्धं चालत, अर्धं पळत. वॉचमन गालात हसायचा. नंदिनीला वाटायचं, हात आधाराला आहे. आधाराला होताच, पण बोटं लिव्हरवर होती.

गुरुवारी संध्याकाळी पुढे उभी असलेली एक रिक्षा अचानक रिव्हर्समध्ये मागे येऊ लागली. नंदिनीनं ती कधीच पाहिली होती. पायडल थांबवून ती डावीकडे वळतही होती. पण जयप्रकाशरावांनी लिव्हर मुठीत आवळली. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. चाक जागच्या जागी अडलं, मागचं उचललं गेलं आणि नंदिनी सीटवरून पुढे घसरली. जयप्रकाशरावांनी तिला कवेत धरलं म्हणून पडली नाही. रिक्षावाला "काय काका, सांभाळून ना" म्हणत निघून गेला.

नंदिनीनं आधी श्वास घेतला. मग हँडलकडे पाहिलं. त्यांचा हात अजून लिव्हरवरच होता.

"मी ब्रेक दाबला नव्हता," ती म्हणाली.

जयप्रकाशरावांनी हात काढून घेतला.  घरी आल्या आल्या ते म्हणाले, "ऋषीला फोन करतो. घेऊन जाऊ दे सायकल. नको हे टेन्शन."

नंदिनी देवघराकडे गेली. खालचा खण उघडला. व्हर्नियरशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी लिव्हर होती. ती घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"खरं सांगा. ब्रेक माझ्यासाठी बसवलात की तुमच्यासाठी?"

त्यांनी पिशवी हातात घेतली.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "तू पडलीस तेव्हा मी वर उभा होतो गं. सगळं दिसत होतं आणि माझ्या हातात दाबायला काही नव्हतं. जाई तिकडं गेली, तिचं काय चाललंय ते फोनवर कळतं. आता तूही त्याच सायकलवरून गाढीच्या पुलापलीकडे गेलीस, तर मी करू काय?"

नंदिनीला राग आला होता. तो पुरता गेला नाही, पण तिचे डोळे भरून आले.

"मी परत येणारे, अहो," ती म्हणाली. "पण तुम्ही ब्रेक धरून बसलात तर मी जाणारच नाही. आणि मग ऋषी सायकल घेऊन जाईल, नि मी रोज पॅसेजमधली रिकामी भिंत बघत बसेन. ते चालेल तुम्हाला?"

त्यांनी नाही अशी मान हलवली.

"मग हा बसवा. आणि माझ्या बोटांच्या बेतानं बसवा."

शुक्रवारी सकाळी पुन्हा वर्तमानपत्र पसरलं गेलं. डावीकडची लिव्हर लागली, मागच्या चाकाची. मग त्यांनी नंदिनीला सायकलवर बसवलं आणि दोन्ही हात दांडीवर ठेवायला सांगितले. तिची बोटं आखूड. तिनं दाबायचं, त्यांनी तार किंचित कसायची, पुन्हा दाबायचं. दोन बोटांच्या दाबात चाक हळू अडायला लागेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. व्हर्नियर खणातच राहिलं. नंदिनीची बोटं हातात घेऊन त्यांनी एकदा लिव्हरवर ठेवून पाहिली, आणि काम झाल्यावरही जरा वेळ तशीच धरून ठेवली.

"आधी डावा," ते म्हणाले. "मग उजवा. हळू."

"माहितीये."

"आणि उतारावर जोर आला तर हात खाली, मोठ्या ब्रेकवर. हे छोटे हळू चालण्यापुरते."

"माहितीये, अहो."

ऋषीला तिनं स्वतः फोन करून सांगितलं, की सायकल चालू आहे, द्यायची नाही.

शनिवारी सकाळी दोघं गाढी नदीच्या पुलापर्यंत गेली. जयप्रकाशराव उजवीकडून चालत होते, पण हात मागे बांधून. सोपं नव्हतं. समोरून टेम्पो आला की मागे बांधलेली बोटं आपोआप मिटायची. पुलाशी नंदिनी म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा." आणि ती गेली.

पुलावर ती आधी मोठी दिसत होती, मग ओढणीएवढी, मग नुसता रंग. एक बस मध्ये आली. बस गेली तेव्हा रंगही नव्हता. जयप्रकाशराव कठड्याला धरून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ मोजायला काही नव्हतं.

ती परत आली तेव्हा हँडलला पिशवी होती आणि पिशवीत पनवेलच्या बाजारातली मेथी. पुलाच्या उतारावर तिचे हात खाली गेले, मोठ्या ब्रेकवर. वेग कमी झाल्यावर हात वर आले. आधी डावा, मग उजवा. सायकल त्यांच्यापुढ्यात अलगद थांबली. तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर वाईच्या शाळेतली मुलगी.

"रडताय?" तिनं विचारलं.

"हो," ते म्हणाले.

घराकडे दोघं चालत निघाली. नंदिनी सायकल हातानं ढकलत होती. सवयीप्रमाणे जयप्रकाशराव मागून वळसा घालून उजवीकडे जायला लागले. पण तिथं आधीच सायकल होती आणि सायकलीला धरून नंदिनी, गाड्यांच्या अंगाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आज तुम्ही कडेनं चला."

ते कडेनं चालले.