पोटावरचा पिवळा चौकोन

कासाबाईच्या हातून आजवर किती कोकरं जगली, याची गिनती तिच्याकडेही नव्हती. अडलेली, पायाळू, हिवाळ्यात माळावर पडलेली. इलाज एकच. पडल्या पडल्या पुसायचं आणि घोंगडीत गुंडाळायचं. उघडं राहिलं ते गेलं. राणीसावरगावच्या माळावर चाळीस वर्षांत हे शहाणपण तिला कधी दगा देऊन गेलं नव्हतं.

आता तिचा सहा दिवसांचा नातू परभणीच्या एका दवाखान्यात उघडा पडला होता. कमरेला लंगोट, डोळ्यांवर काळी पट्टी आणि वरून निळी बत्ती. मिठाईवाला पेढे मांडतो तसं लेकरू काचेत मांडून ठेवलेलं.

कावीळ झाली होती. घरी कुणाच्या लक्षात आली नाही, कारण लेकरू अंधाऱ्या खोलीत होतं आणि रोज त्याला कासाबाई हळद-तेल चोळत होती. पिवळं दिसलं तर तिला वाटायचं, आपलीच हळद. शेवटी आशाताई रेणुका आली, तिनं लेकराला दारात उजेडाला नेलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं आणि म्हणाली, "काकू, ही हळद न्हाई. गाडी बोलवा."

बबिताला, म्हणजे सुनेला, टाके दुखून ताप चढला होता. म्हणून पेटीजवळ कासाबाईला बसू दिलं होतं. मुलगा मल्हार बाहेर औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन पळत होता. लग्नानंतर सात वर्षांनी झालेलं हे पहिलं लेकरू.

मंजुषा सिस्टरनं कालच समजावलं होतं. "आजी, हळदीचा डाग साबणानं जातो का?"

"कशाचा जातो? उन्हात टाकावं लागतंय. ऊन खातंय त्याला."

"तसंच आहे हे. हा उजेड कातडीतून आत जातो, रक्तातला पिवळेपणा फोडतो. मग तो शी-शूतून बाहेर पडतो. म्हणून अंग उघडं पाहिजे."

"समदं?"

"समदं."

कासाबाईनं मान हलवली होती. पण मान हलवणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. खोलीत गार हवेचं यंत्र घुरघुरत होतं. तिनं लेकराच्या पावलांना हात लावला, तर पावलं थंड. पोटात थंडी शिरली की संपलंच, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. डोक्यावर पाटी घेताना चुंबळीला लागतो म्हणून घोंगडीचा एक चौकोनी तुकडा तिच्या पिशवीत कायम असायचा. सिस्टर बाहेर गेली की तो लेकराच्या पोटावर, चपलांचा आवाज आला की परत पिशवीत. असं रात्री चाललं, सकाळी चाललं. आयुष्यात कुणाच्या शेतातलं कणीस तोडलं नव्हतं तिनं, पण आजी झाल्यावर चोरीही जमते.

दुपारी दोनला डॉक्टर मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. मागून भिंत धरत बबिता.

"काल काविळीचं प्रमाण एकवीस होतं, आज बावीस," मॅडम म्हणाल्या. "उतरायला पाहिजे होतं. उजेडाला दाद देत नाही म्हणजे रक्तातच काहीतरी वेगळं असणार. आणखी चढलं तर मेंदूत जाईल. सगळं रक्त बदलावं लागेल, ते इथं होत नाही. नांदेडला हलवा. गाडी यायला दोन तास लागतील."

"आत्याबाई," बबिता कासाबाईचा दंड घट्ट धरून म्हणाली, "सकाळपासून दूध ओढीना झालाय ओ ह्यो. नुस्ता झोपायलाय. काय करू मी? सांगा की, तुमाला तर समदं कळतंय."

सिस्टरनं लेकराला पेटीतून उचलून खोलीतल्या साध्या उजेडात धरलं. कासाबाईनं पाहिलं.

लेकराची छाती, मांड्या, दंड धुतल्यासारखे फिक्कट झाले होते. पोट मात्र होतं तसंच, पिवळंजर्द. कडा सुतानं आखल्यासारख्या. चौकोन. हळद लागलेलं लुगडं घडी न मोडता वाळत टाकलं, तर घडीच्या आतला डाग जसाच्या तसा राहतो. चाळीस वर्षं लुगडी वाळत घातली होती तिनं.

मॅडम कागदात बघत होत्या. सिस्टर लंगोट सारखा करत होती. अजून कुणाला दिसलं नव्हतं. कासाबाईला वाटलं, गप बसावं. नांदेडचे मोठे डॉक्टर बघून घेतील. सांगितलं, तर ही सून पुन्हा आपल्या मांडीवर लेकरू देईल का? दिलं तरी कोणत्या डोळ्यांनी बघेल? तेवढ्यात लेकरानं जांभई दिली, तीही अर्धीच, थकल्यासारखी.

"म्याडम, बत्तीला बोल लावू नका. म्या झाकलं व्हतं त्याला."

"काय?"

कासाबाईनं पिशवीतून तुकडा काढून पुढं धरला. "हेनं. पोटावर."

"किती वेळ?"

"शिष्टर गेली की."

"म्हणजे किती, आजी?"

"जवा जवा गेली तवा तवा."

मॅडमनी पोटाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. सिस्टरचा चेहरा पडला. ओरडायला कुणाला सवड नव्हती. "खालून-वरून दोन्ही बत्त्या लावा. गाडी येऊ द्या. ती येईपर्यंत उजेड, मग पुन्हा रक्त तपासू."

बबितानं दंडावरचा हात काढून घेतला. एवढंच. शिवी दिली असती तर कासाबाईला बरं वाटलं असतं.

"बबे, कोकराला..."

"त्ये कोकरू हाय का आत्याबाई?"

पुढचे दोन तास दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मध्ये हातभर जागा सोडून. कासाबाईनं बिरोबाला बोलावलं, खंडोबाला बोलावलं, सटवाईला बोलावलं, आणि शेवटी कुणी उरलं नाही म्हणून त्या बत्तीलाच हात जोडले. आई, आत जा. जितकं आत जाता येईल तितकं जा.

गाडी येऊन फाटकात लागली. रक्त गेलं, कागद आला.

"साडेएकवीस," मॅडम म्हणाल्या. "थोडं उतरलंय. थोडंच. गाडीला थांबायला सांगा, परत नका पाठवू. तासानं पुन्हा बघू."

"म्हंजे वाचला?" बबितानं विचारलं.

"आत्ता नाही सांगता येत. कान, मेंदू, ते पुढं कळेल."

बबिताला उभं राहवेना. सिस्टरनं तिला खाटेवर निजायला सांगितलं. पेटीजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. दारातून बबिता वळली.

"बसा," ती सासूला म्हणाली. "पन हात लावला तर माज्याशी गाठ हाय."

कासाबाई स्टुलावर बसली. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले. थोड्या वेळानं लेकरू हललं. गारठ्यानं हातपाय पोटाशी घेतले आणि रडू लागलं. बारीक, चिरका आवाज. पोट उघडं, छाती उघडी, सगळं उघडं. तिनं पाय धरणीला रोवले. लेकरू रडत राहिलं आणि जन्मात पहिल्यांदा तिनं रडत्या लेकराला हात लावला नाही.