किल्ल्याच्या भिंतीचं रक्त

वसईच्या किल्ल्यात दगडाला रक्त येतं म्हटल्यावर पार विरारहून माणसं लोटली. तटाच्या एका दगडावर किल्लेबाबा नावाचा एक बुवा तीर्थ शिंपडी, की दगड लालभडक! सगळ्यांचे मोबाइल वर.

"मराठ्यांच्या वेढ्यात उपाशी मेले, त्यांचे हे आत्मे!" बाबा गरजला. "समुद्रात बुडालेल्यांनाही यांनीच कोंडलंय. घरच्यांनी उपास धरा, वेढा उठला की तुमची माणसं सुटलीच समजा. गॅरंटी!"

वेढा संपून शतकं लोटली, हे या शहाण्याला कोण सांगणार?

पाचूबंदर कोळीवाड्यातली माझी शेजारीण रोझलीनमावशी अगदी पुढे बसली होती. तिचा नवरा लेस्टर वादळात बोटीसकट गेला, देहही मिळाला नाही. मुलगा परदेशात. बाबाचं ऐकून तिने जेवण सोडलं होतं आणि मधुमेहाची सुईसुद्धा. तिचे सुकलेले ओठ बघून मी तिचा हात धरला.

"मावशी, घरी चला."

"नको. लेस्टर सुटंल आज."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तीर्थाला हळदीचा वास होता. दगडाला बोट लावलं, तर ताजा चुना निघाला.

"बाबा, शेजारच्या दगडावर शिंपडा की. तिथले आत्मे जेवून आलेत का?"

लोक हसले. "मॅडम, श्रद्धा पायजे!" बाबा तडकला. मी त्याचा तांब्या घेऊन शेजारी ओतला. दगड नुसता पिवळा झाला. मग त्याच्याच पूजेतलं लिंबू लाल डागावर पिळलं, तर रक्तही पिवळं!

"हळदीला चुना लागला की ती लाल होते. लिंबाने परत पिवळी," मी सांगितलं. तोवर बाबाने झोळी उचलून दरवाजा गाठला होता.

गर्दी पांगली. मावशी तिथेच बसून राहिली.

"म्हंजे लेस्टर नाय येनार."

"नाही, मावशी."

"ते ठाव होतं गो मला. पन तो बाबा रोज लेस्टरचं नाव घ्यायचा. तुमच्यातलं कोन घेतं?"

मीही कधी घेतलं नव्हतं. फार वाईट वाटलं. तिला तशीच डॉक्टरांकडे नेली. सुई झाली, मग माझ्या घरी दोघी जेवायला बसलो. "लेस्टरला काय आवडायचं?" मी विचारलं. मावशी बोलतच राहिली.

चमत्कार दिसला की शेजारच्या दगडावरही पाणी टाकून बघा. कुणाच्या शब्दावर औषध सोडू नका. आणि आळीत कुणी एकटं राहत असेल, तर बाबा पोचायच्या आधी तुम्ही त्यांचं दार वाजवा.